चढायच्या आधी घ्यायची गोळी

३ मार्च, सोमवार

मेट्रनबाईंनी आज सगळ्यांसमोर ऐकवलं. "डिस्चार्जच्या पेशंटशी गप्पा मारत बसायचं नाही. खाली लोक पलंगासाठी ताटकळलेत." गप्पा! छातीत दुखणाऱ्या माणसाला त्याची गोळी समजावून सांगणं म्हणजे गप्पा. मग काय करू — पुडकं हातात कोंबू आणि दार दाखवू? बोलले असते तर तोंडातून काय बाहेर पडलं असतं देव जाणे. औषधांची ट्रॉली तेवढी जोरात ढकलली. तिचं एक चाक आधीच वाकडं आहे, जाऊन भिंतीवर आदळली. बरं वाटलं.

तरी नऊ नंबरला मी सगळं सांगितलं. सावकाश, मेट्रनबाईंच्या नाकावर टिच्चून.

नऊ नंबर म्हणजे खिडकीजवळच्या पलंगावरचा. पन्नाशीचा, जाडजूड मानेचा, दंड असा की बीपीचा पट्टा पुरेना. चढताना, ओझं उचलताना छातीवर कोणी दगड ठेवल्यासारखं होतं, थांबलं की उतरतं. अंजायना. हृदयाला रक्त नेणाऱ्या नळ्या अरुंद झाल्यात. काम काय करता विचारलं तर म्हणाला, "गोदामात असतो. खुर्चीवर बसून काम." बायको शेजारी होती. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

त्याला सांगितलं — ही बारकी गोळी जिभेखाली. गिळायची नाही, चघळायची नाही. दुखायला लागलं की हातातलं काम टाकायचं, आधी बसायचं, मग गोळी. पाच मिनिटांत उतरलं नाही तर घरच्यांशी सल्लामसलत नको, सरळ अँब्युलन्स. गोळ्या त्यांच्या काचेच्या बाटलीतच राहू द्यायच्या. बाटली कायम जवळ, पण अंगालगतच्या खिशात नाही, उबेनं औषध मरतं. डोकं ठणकेल, चेहरा तापेल — म्हणजे औषध काम करतंय, घाबरायचं नाही. रोजची जी दुसरी गोळी आहे, ती बरं वाटायला लागलं म्हणून एकदम बंद करायची नाही, हृदय उसळून उठतं. आणि पुरुष ज्या शक्तीच्या गोळ्या घेतात, त्या घेत असाल तर ही चुकूनही नाही. दोन्ही एकत्र गेल्या की बीपी इतकं पडतं की माणूस उठत नाही.

बायको एकदम खिडकीबाहेर बघायला लागली. आठ नंबरच्या आजोबांनी मात्र कान टवकारले. "हे मलाही लागू आहे का हो, सिस्टर?"

मग नेहमीचं — "आता तुम्ही मला सांगा." त्यानं धडाधड सांगितलं. वर विचारलं, "चढायच्या आधीच घेतली तर? म्हणजे दुखायची वाटच बघायची नाही."

चांगला प्रश्न. फार कमी लोक विचारतात. "चालते," म्हटलं. "जिना चढायचा असेल तर आधी घ्या, थोडं बसा, मग हळूहळू चढा."

"किती उंच चढलं तर चालतं?"

मी हसले. "तुम्हाला काय मनोऱ्यावर चढायचंय का?"

तोही हसला. बायको नाही हसली.

असा एखादा पेशंट भेटला की मेट्रनबाईंचं बोलणं धुऊन निघतं.


४ मार्च, मंगळवार

नाही निघालं धुऊन. आज परत तेच. आता भिंतीवर कागद लावलाय — रुग्णाशी थोडक्यात बोला. घरी येऊन भांडी घासायला घेतली तर आई म्हणाली, "त्या पातेल्यांनी काय घोडं मारलंय तुझं?"


१२ मार्च, बुधवार

नऊ नंबर तपासणीला आला नाही. फोन लावला, बंद. दोनदा. तिसऱ्यांदा बायकोनं उचलला आणि "बरे आहेत, कामावर गेलेत" म्हणून ठेवून दिला. मला माझाच राग आला. लोक मान डोलावतात आणि आपण त्याला समजणं म्हणतो.


१४ मार्च, शुक्रवार

पेन कागदात रुतवून लिहितेय. भीतीनं नाही.

सकाळी चहा घेऊन मागच्या पायऱ्यांवर बसले होते. तिथून नवी इमारत दिसते — आमच्याच हॉस्पिटलची, वर्षभर काम चाललंय, धुळीनं पेशंट खोकून हैराण. मधोमध ती उंच क्रेन. खांबाच्या आत पिंजऱ्यासारखी शिडी, वर काचेची केबिन. एक माणूस चढत होता. रोज कोणीतरी चढतोच, मी कशाला बघते! पण हा मध्येच थांबला. एक हात शिडीच्या दांड्यात अडकवला, दुसऱ्यानं जाकिटातून काहीतरी काढलं, मान मागे टाकली, तोंडात टाकलं. आणि तोंड मिटून तसाच लटकून राहिला.

ही लकब मी रोज बघते. हजार माणसांत ओळखेन. आधी ती ओळखली, मग मान.

नऊ नंबर!

गोदाम म्हणे. खुर्चीवर बसून म्हणे. खुर्ची आहेच की, पण ढगात!

आणि ती गोळी घेऊन उभा — शिडीवर! बीपी उतरवणारी गोळी! जमिनीवर उभं राहून घेतली तरी माणसं भोवळ येऊन पडतात, म्हणून तर बसा बसा म्हणून घसा कोरडा करते मी. चहा तिथेच ठेवला आणि कुंपणापर्यंत पळाले. ओरडले. त्या मशिनच्या धडधडाटात माझं मलाच ऐकू आलं नाही. वॉचमन म्हणाला, "बाई, हेल्मेट नसेल तर आत नाही." तोवर तो वर पोचला होता. थोड्या वेळानं क्रेनचा हात फिरायला लागला. काँक्रीटची भरलेली बादली आमच्या ओपीडीच्या वाटेवरून गेली. खालून एक बाई लेकराला कडेवर घेऊन चालली होती. आठ नंबरच्या आजोबांना त्यांचा नातू व्हीलचेअरवरून फिरवत होता.

मी वॉर्डात आले. दिवसभर जो समोर आला त्याच्यावर खेकसले. नव्या स्टुडंटला रडवलं. चुकी तिची काडीची नव्हती.

संध्याकाळी —

ड्युटी संपल्यावर साईटच्या गेटवर जाऊन उभी राहिले. तो उतरला. मला बघून पावलं मंदावली, पण आला. खाली बघत.

"गोदाम कुठंय तुमचं?" मी विचारलं.

"सिस्टर, इथं नको."

"मग कुठं? वर येऊ? चढायच्या आधी गोळी घेऊन?"

रस्त्याच्या कडेला पाइपांचा ढीग होता, तिथं नेलं मला त्यानं. मग म्हणाला, "तुम्हीच म्हणालात. चढायच्या आधी घ्या म्हणून."

असं वाटलं, एक ठेवून द्यावी. खरंच वाटलं. कारण मी म्हणालेच होते. आणि तो नेमका तेच करत होता. खाली घेतो, पायथ्याशी पाइपावर थोडा बसतो, मग चढतो, अर्ध्यावर परत दुखतं, मग दुसरी. माझीच शिकवण, फक्त जिन्याच्या जागी शिडी आणि शिडीच्या जागी — काय म्हणू मी त्याला!

"खोटं का सांगितलंत?"

"खरं सांगितलं असतं तर तुम्ही कामावर जाऊ दिलं असतं?"

"नाही."

"मग?" म्हणाला. जसं काही त्यातच सगळं आलं.

मग एकेक सांगत गेला. आधीचा क्रेनवाला होता, त्यानं एकदा नुसतं म्हटलं, वर गेल्यावर धाप लागते. त्याच दिवशी हातात हिशेब ठेवून काढून टाकलं. आता बाजारात हमाली करतो — धाप लागणारा माणूस हमाली! "मला दुसरं काही येत नाही, सिस्टर. वर मी कोणीतरी आहे. सगळ्यांची नजर माझ्या हाताकडे असते. खाली आलो की मी एक जाडा माणूस."

"आणि बादली कोणाच्या डोक्यावर पडली तर?"

"माझ्या हातून आजवर विटेचा तुकडा पडला नाही."

"तुमच्या हाताचं नाही विचारत. तुम्ही पडलात तर तो हात कोण धरणार?"

जाताना म्हणाला, "तुमच्या भिंतीवर पाटी आहे. तुमची माहिती आमच्यापाशीच राहील. मी वाचली होती. तेवढं लक्षात असू द्या."

माझीच पाटी मला दाखवली. सव्वाशेर निघाला.


१५ मार्च, शनिवार

वॉर्डाच्या छोट्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांच्या पेशंटबद्दल त्यांना सांगणं म्हणजे बाहेर सांगणं नाही. पोरगेला माणूस आहे, पण ऐकून घेतो. ऐकता ऐकता खुर्चीत सरळ बसला.

"त्यांना बोलवा. मी काम बंद करा म्हणून लिहून देतो."

"येत नाहीत."

"मग आपण परस्पर कामावर कळवायचं म्हणजे…" पेन टेबलावर आपटत राहिले. "सिस्टर, आज आपण एकाचं सांगितलं, की उद्या कोणी खरं सांगायला येणारच नाही."

"खरं आत्ता तरी कोण सांगतंय?"

"इतरांच्या जिवाला धोका असेल तर सांगता येतं, पण वर विचारावं लागेल. सोमवारी विचारतो."

सोमवारी! आज शनिवारी ती बादली फिरतेच आहे. पण चिडले ती यासाठी नाही. उद्या कोणी खरं सांगणार नाही, हे त्याचं बोलणं बरोबर होतं म्हणून चिडले. बरोबर बोलणाऱ्यावर चिडण्यासारखी वाईट चीड नाही. कुठे टाकताच येत नाही.


१६ मार्च, रविवार

सुट्टी. आईनं विचारलं, काय गं, सारखी खिडकीत का जातेस? इथून काही दिसत नाही, तरी जाते.


१७ मार्च, सोमवार

डॉक्टरांनी विचारलं. वरून उत्तर आलं — कमिटीपुढे ठेवू. कमिटी कधी बसणार? बसेल.

मेट्रनबाईंच्या खोलीत गेले. त्या म्हणाल्या, "इमारत आपलीच आहे. काम थांबलं तर मोठे साहेब मला विचारतील, तुम्हाला नाही. तुमचं काम गोळ्या समजावणं." म्हटलं, "त्या दिवशी तर गप्पा होत्या." बाहेर येऊन दार लावलं मी. आपटलं नाही. आपटावंसं फार वाटत होतं.

दुपारी नऊ नंबरची बायको आली. पिशवी तीच, बंद तोच. वॉर्डाच्या टोकाला, लिननच्या कपाटापाशी नेलं तिला.

"तुम्ही त्यांना भेटलात म्हणे."

"ताई, तुम्हाला माहीत होतं. त्या दिवशी शेजारी बसला होतात."

"होतं." मागे कोणी नाही ना, ते बघून घेतलं. "सिस्टर, तुम्ही सांगा साईटच्या साहेबांना."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"मी सांगितलं तर ते जन्मात माझं तोंड बघणार नाहीत. माझा भाऊ पण तिथंच आहे कामाला, त्याला म्हटलं तू सांग, तर तो मान खाली घालून निघून गेला. तुम्ही परक्या आहात. तुमच्यावर रागावले तर रागावले. रोज सकाळी ते बाहेर पडले की मी कढईसमोर उभी असते आणि मला कळतच नाही काय करपलं ते."

डोळे कोरडे होते तिचे. रडली असती तर मी तिला धीर दिला असता. ती रडली नाही म्हणून मला तिचा पण राग आला. प्रत्येकाला हे माझ्याच गळ्यात घालायचंय. डॉक्टर कमिटीकडे बघतात, कमिटी छताकडे, नवरा पाटीकडे, भाऊ जमिनीकडे, आणि बायको माझ्याकडे. मी कोणाकडे बघू?

म्हटलं, "बघते." हा शब्द मला आवडत नाही. लोकांना वाटेला लावायचा शब्द आहे.


१८ मार्च, मंगळवार

बघितलं.

बीपीचं मशीन पिशवीत टाकून गेटवर गेले. तो उतरला तो घामानं निथळत, एक हात छातीवर. मला बघून हात खाली केला. "राहू द्या तिथंच," म्हटलं, "मी काय परकी आहे? बसा." बसला. गोळी जिभेखाली ठेवली. मी घड्याळावर नजर ठेवली. पाच मिनिटं म्हणजे केवढी असतात ते तेव्हाच कळतं. हळूहळू चेहरा सैल पडला. दुखणं उतरलं.

दंडाला पट्टा बांधला. या वेळी मोठा आणला होता. बसल्याजागी बीपी घेतलं, आकडा त्याला दाखवला. "आता उभे राहा." त्याच्या काखेत खांदा देऊन उभी राहिले. एवढं धूड पडलं तर मी काय सावरणार होते, पण उभी राहिले. मशीन घरघरलं. आकडा पार खाली. त्यानं बघितला, आणि त्याच क्षणी डोळ्यांपुढे अंधारी आली असावी, कारण खांद्यावरचा पंजा एकदम जड झाला. बसवलं. पाय उचलून पाइपांवर ठेवले.

"दिसलं?"

"दिसलं."

"ही गोळी नळ्या सैल करते. नुसत्या हृदयाच्या नाही, अंगभरच्या. रक्त खाली पायांत उतरतं. बसलेला माणूस सावरतो. उभ्याच्या डोक्याला रक्त पुरत नाही, तो पडतो. तुम्ही आत्ता जमिनीवर आहात. शिडीवर हे झालं तर?"

तो आपल्या पंजाकडे बघत होता. उताणा करून, पालथा करून.

"केबिनमध्ये बसून असतो मी."

"केबिनपर्यंत उडत जाता?"

हसला नाही. मीही हसवायला बोलले नव्हते.

मग म्हणाला, "थोडे दिवस द्या मला. वरचं छत झालं की क्रेन उतरवणार आहेत. मग कोणालाच चढायला नको."

"किती दिवस?"

"छत होईपर्यंत."

"नाही," मी म्हटलं. "शुक्रवार. शुक्रवारपर्यंत तुम्ही स्वतः सांगा. डॉक्टर लिहून देतील, बसून करायचं काम द्या म्हणून. मी सोबत येते हवं तर. नाही सांगितलंत तर शुक्रवारी मी सांगेन. तुमच्या मागे नाही, आधी सांगून सांगतेय. मग ती पाटी काढावी लागली तरी चालेल."

"सिस्टर, तुम्हाला सगळं माहीत नाही."

"मला जेवढं माहीत आहे तेवढ्यानं पुरे झालं."

तसाच उठून गेला. सावकाश उठला मात्र — आधी पाय खाली, मग थोडं थांबून. तेवढं शिकला.


१९ मार्च, बुधवार

चढला. मी बघितलं. शिडीवर दोनदा थांबला.


२० मार्च, गुरुवार

चढला.

आईला सांगितलं सगळं, नाव न घेता. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तू सांगितलंस आणि त्याचं घर बसलं तर?" म्हटलं, नाही सांगितलं आणि तो वरून पडला तर? म्हणाली, "मग दोन्हीकडून तुझ्याच जिवाला घोर. मग कशाला विचारतेस मला?" आणि भाजीची देठं कागदात गुंडाळून टाकायला गेली. हिच्यावरही चिडले. पण तिनं गरम पोळी आधी मला वाढली, मग स्वतः घेतली. कळतं तिला.


२१ मार्च, शुक्रवार

सांगितलं.

डॉक्टरांना सांगून गेले. "कमिटी बसायची आहे अजून," ते म्हणाले. मी म्हटलं, मी उभी आहे ना. त्यांनी अडवलं नाही. उलट कागदावर चार ओळी लिहून सही करून दिली. त्यांनाही वरून बोलणी बसणार आहेत, हे मला माहीत आहे. तेवढा मोठा झाला पोरगा आज.

साईटच्या साहेबांची खोली पत्र्याची आहे, आत भट्टी. मी भांडायच्या तयारीनं गेले होते. रात्रभर वाक्यं जुळवली होती — त्यांनी हे म्हटलं तर मी हे म्हणेन, ते ओरडले तर मी ओरडेन. त्यांनी कागद वाचला. टोपी काढून डोकं खाजवलं.

"एवढंच ना? बरं झालं सांगितलंत. नसती आफत आली असती. बदली माणूस आहे आमच्याकडे, उद्यापासून तो चढेल."

"आणि यांचं काय?"

"यांना गेटवर बसवतो. नोंदी घेतील गाड्यांच्या. जुना माणूस आहे, हाकलत नाही मी."

म्हणजे हमाली नाही. म्हणजे घर बसणार नाही. म्हणजे एवढे दिवस मी, तो, ती, डॉक्टर, सगळ्यांनी उगाच जीव टांगणीला लावला होता, आणि इथं पत्र्याच्या खोलीत दोन वाक्यांत सुटलं! इतका संताप आला. आधीच का नाही सांगितलं त्यानं? त्याच्याकडे एक शब्द होता आणि तो गिळून बसला. गिळायची नाही म्हणून सांगितलेली गोळी नाही गिळली, शब्द गिळला!

बाहेर पडले तर तो समोरून येत होता. त्याला खोलीत बोलावणं गेलं होतं. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं शिव्या देईल. त्यानं एवढंच विचारलं, "बदलीवाल्याचं बोलले का ते?"

"हो. उद्यापासून तो चढेल."

त्याचा चेहरा राखेसारखा झाला. तसाच आत गेला. मी मनात म्हटलं, बघा. जागा गेली त्याचं दुःख. माणसाला जिवापेक्षा खुर्ची प्यारी.

घरी आले. जेवले. किती दिवसांनी जेवणाची चव लागली. राग होता, पण त्याला आता जागा होती ठेवायला.


२२ मार्च, शनिवार

सकाळी वॉर्डाचं दार ढकलून नऊ नंबर आला. एकटा नाही. चाळिशीच्या एका माणसाला काखेतून धरून आणलं होतं. ओठ निळसर, शर्ट ओला.

"अर्ध्या शिडीवरून उतरवला याला," म्हणाला. "हाच बदलीवाला. माझा मेहुणा. मी उतरलो की हा चढणार होता, सिस्टर, आणि याला माझ्यापेक्षा जास्त दुखतं. म्हणून उतरत नव्हतो मी. याच्या बहिणीला माहीत नाही."

डॉक्टर ईसीजीचा कागद वाचता वाचता उभे राहिले. मी मेहुण्याच्या छातीवर हात ठेवून विचारलं, औषध काय घेता?

"दाजींच्या बाटलीतली," तो म्हणाला. "जिभेखाली ठेवायची. गिळायची नाही. चढायच्या आधी घ्यायची. मला सगळं नीट शिकवलंय त्यांनी."